सोडलं म्हणजे सुटलं?

मालवणला होडीतून गळ टाकला होता. साधारण 30 मीटर खोलीवरून एक हेकरू वर आला. डोळे बाहेर आलेले, तोंडातून जठर डोकावत होतं. मला वाईट वाटलं. गळ काढून मी त्याला पाण्यात सोडलं. पण तो खाली जाईना, उलटा तरंगत राहिला.

हेकरूच्या पोटात वायूची बंद पिशवी असते, वाताशय. रक्तातून तिच्यात वायू भरून किंवा परत शोषून घेऊन तो हव्या त्या खोलीवर अलगद राहतो. पण हे काम सावकाश होतं. 30 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. माशाला झटकन वर ओढलं की तोच वायू चौपट जागा मागतो.

म्हणजे मी सोडलं, पण तो सुटला नाही. हलकं झालं ते फक्त माझं मन. कोड लिहिताना चुकलं की मी 'अनडू' दाबतो. इथे अनडू म्हणजे माशाला वजनाच्या आधाराने पुन्हा खोल नेऊन सोडणं. काही देशांत गळ टाकणारे तसं करतातही. तेवढे कष्ट नकोत, तर त्याला दया म्हणू नये.

होडीवाल्या काकांनी तो परत उचलला. रात्री ताटात आला. मी खाल्ला. सोडण्यापेक्षा ते जास्त प्रामाणिक वाटलं.