राब

नेऱ्याच्या वरच्या अंगाला, प्रबळगडाच्या पायथ्याशी एक कातकरीवाडी होती. दिवाळी सरली की तिथली जोडपी उचल घेऊन वीटभट्टीवर जात, शिमग्याला चार दिवस घरी येत, आणि पाऊस तोंडावर आला की बिऱ्हाड उचलून परतत.

एका शिमग्याला एक जोडपं रिकाम्या हातांनी आलं. उचल घेतली होती २० हजार. चार महिने पहाटेपासून चिखल तुडवला, विटा पाडल्या, आणि भट्टीवाल्या शेठच्या वहीत बाकी निघाली २६ हजार. नवऱ्याने हिशेब विचारला तर मुकादमाने दांडक्याने मारलं. त्याची सुजलेली पाठ सगळ्या वाडीने पाहिली. पोरांना संताप आला तो खरा होता. तो आला नसता तरच काही चुकलं असतं.

रात्री सात-आठ जण रॉकेलचा डबा घेऊन निघाले. शेठचं घर पेटवायचं, आत कोण असेल ते असो.

वाटेवर वाडीतला एक म्हातारा बसला होता. त्याने त्यांना अडवलं नाही. म्हणाला, "माझा राब भाजायचा राहिलाय. तेवढा भाजून द्या, मग मीही येतो."

पोरं शेताकडे वळली. शेण, टहाळ, पातेरा, गवत असे थर रचलेले होते, वर माती पसरलेली. घाई होती. एकाने वाऱ्याकडे न बघता काडी ओढली, डब्यातलं थोडं रॉकेलही ओतलं. जाळ भडकला, बांध ओलांडून सुक्या गवतात शिरला आणि वाडीकडे धावला. पोरांनी ओल्या फांद्यांनी झोडपून झोडपून तो शेवटच्या झोपडीच्या कुडापाशी विझवला. त्या झोपडीत काडी ओढणाऱ्याचीच आई निजली होती.

"वारा जिकडून येतो तिकडून पेटवलास, बाळा," म्हातारा म्हणाला. "दुसऱ्या बाजूने पेटवला असता तर जाळ वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू चढला असता. माती भाजली असती, रोप तरारलं असतं. आता सांग, शेठच्या घरात कोण कोण निजतं?"

"शेठ. त्याची बायको, दोन पोरं. म्हातारी आई." थोडं थांबून तो म्हणाला, "ओटीवर राखणदार. पलीकडच्या वाडीतला. आपलाच."

"आणि त्या म्हातारीने कुणाच्या नावावर बाकी लिहिली?"

पोरगा गप्प राहिला.

मग म्हाताऱ्याने रात्रशाळेत ऐकलेली सुप्याची हकिकत सांगितली. अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, वर सरकारने शेतसारा वाढवला. पुणे-नगरकडचे कुणबी सावकाराच्या खतांत गळ्यापर्यंत बुडाले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात ते सावकारांच्या दारांवर चालून गेले. त्यांनी मागितले रोखे आणि वह्या, आणि त्यांचीच होळी केली. लोण गावोगाव पसरलं. सगळीकडे हात आवरले नाहीत. काही ठिकाणी घरं आणि गंजीही पेटल्या. पण जिथे कागद हाती आले तिथे बहुतेक ठिकाणी माणसाच्या अंगाला कुणी बोट लावलं नाही. तरीही नऊशेहून जास्त लोक पकडले गेले, पाचशेंना शिक्षा झाल्या. पुढे चौकशी बसली, आणि १८७९ च्या कायद्याने कोर्टाला खतामागचा खरा व्यवहार तपासता येऊ लागला.

"मग आपणही वहीच जाळू," एक पोरगा म्हणाला.

"नको." म्हाताऱ्याने डबा आपल्याकडे ओढला. "त्या कुणब्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं. १९७६ पासून वेठबिगारीविरुद्ध कायदा आहे. ती वही जळली तर शेठ सुटला. वही पनवेलच्या कचेरीत मागवायची, आणि तिच्यासमोर ठेवायला आपली वही हवी."

"आपली वही कुठाय?"

इतका वेळ मागे उभी असलेली, मार खाल्लेल्याची बायको पुढे आली. भट्टीवरच्या खोपीच्या कुडावर तिने दर हजार विटांमागे कोळशाची एक रेघ ओढली होती, आणि प्रत्येक आठवड्याची बेरीज तिच्या तोंडात होती. तिची सातवीतली मुलगी दप्तरातून वही घेऊन आली. कुणीतरी कंदील धरला.

"पहिला आठवडा," ती म्हणाली, "सहा हजार. खर्ची मिळाली पाचशे. लिहिलंस?"

मुलीने लिहिलं.

"दुसरा आठवडा."