मरुत्सखा उडवावं का?

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये जुनी, विचित्र, फसलेली विमानं स्वतः तयार करून टाकणारे हौशी लोक जगभर आहेत. १९०३ सालचं राइट बंधूंचं फ्लायरही त्यात आहे. मग आमच्या मुक्ताईनगरातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाने उद्या शिवकर बापूजी तळपदे यांचं 'मरुत्सखा' बनवायला घेतलं, तर त्याला काय सांगायचं? 'छान, कर' म्हणून मोकळं होता येईल. पण प्रश्न तेवढ्यावर संपत नाही.

कथा सर्वांना माहीत आहे. १८९५ साली मुंबईत, चौपाटीवर, तळपद्यांनी वैमानिक नसलेलं विमान उडवलं. ते दीड हजार फूट वर गेलं आणि कोसळलं. म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. या कथेला दुजोरा देणारा विश्वासार्ह समकालीन पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. यंत्राचं वजन, पंखांचा विस्तार, इंजिनाची ताकद, काहीच हाती नाही. तळपदे मात्र खरे होते, आणि त्यांचा या विषयाचा ध्यासही खरा होता.

आता सिम्युलेटरचं गणित बघू. 'एक्स-प्लेन' पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरचं बल काढतो. म्हणजे त्याला नेमका आकार हवा. 'फ्लाइटगिअर'मध्ये 'यासिम' नावाची एक पद्धत आहे. तिला मापं आणि वजन द्यायचं, शिवाय विमान किती वेगाने उडतं तेही आपणच सांगायचं. मग ती आतले आकडे असे जुळवते की सांगितलेला वेग निघावा. मोजमाप झालेल्या विमानासाठी ही उत्तम सोय आहे. मरुत्सखाच्या बाबतीत मात्र उत्तर आधी लिहून गणित मागून मांडल्यासारखं होईल. आकार उसना घ्यायचा म्हटलं, तर हात 'वैमानिक शास्त्रा'तल्या चित्रांकडे जातो. ती चित्रं विसाव्या शतकात बंगळुरात काढलेली. १९७४ साली तिथल्याच भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी ती तपासली आणि त्यातलं एकही विमान उडण्याजोगं नाही, असा निर्वाळा दिला.

'अहो, खेळच आहे की!' असं कुणी म्हणेल. पण असाच एक खेळ अमेरिकेत खऱ्या यंत्राशी खेळला गेला. सॅम्युअल लँग्ली यांचं माणूस नेणारं विमान १९०३ साली दोनदा पोटोमॅक नदीत पडलं. १९१४ साली ग्लेन कर्टिस यांनी तेच यंत्र बाहेर काढलं, त्यात बरेच फेरफार केले, खाली तरंगे बसवले आणि तळ्यावरून त्याच्या छोट्या उड्या करून दाखवल्या. त्या जोरावर स्मिथसोनियन संस्थेने ते 'उडण्यास समर्थ असं पहिलं विमान' म्हणून मांडून ठेवलं. चिडलेल्या ऑर्व्हिल राइट यांनी आपलं फ्लायर १९२८ मध्ये लंडनला पाठवून दिलं. १९४२ साली संस्थेने फेरफारांची यादी छापून दावा मागे घेतला, आणि फ्लायर १९४८ मध्ये परत आलं. नुकसान लँग्लींचंही झालं. १८९६ साली त्यांचं मानवरहित वाफेचं विमान खरोखर सुमारे एक किलोमीटर उडालं होतं. त्याचा फोटो आहे. पण नंतरच्या लटक्या मोठेपणाच्या भांडणात हे खरं यश झाकलं गेलं.

म्हणून 'खेळ आहे' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. तळपद्यांवर २०१५ साली 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट आला. तो बघताना आपण चित्रपट बघतोय हे ठाऊक असतं. सिम्युलेटरचा रुबाब वेगळा. तिथे काटे हलतात, वारा लागतो, चूक झाली तर विमान पडतं. सगळं मोजूनमापून केल्यासारखं दिसतं. त्यातली दोन मिनिटांची चित्रफीत मोबाइलवर फिरू लागली की 'बघा, सिद्ध झालं' म्हणायला कितीसा वेळ लागणार?

आमच्या भागात मुक्ताई आणि चांगदेव घरचेच. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं मंदिर आहे. वाघावर बसून येणाऱ्या चांगदेवांना भेटायला ही भावंडं भिंतीवर बसून निघाली आणि भिंत चालली, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. त्या भिंतीला किती हॉर्सपॉवर होती, असं कुणी विचारत नाही. विचारू नयेच, कारण ती कथा अहंकार उतरण्याची आहे, यंत्राची नाही. 'आमच्या माणसाने यंत्र उडवलं' असं म्हणणारा मात्र स्वतःच्या पायांनी हिशेबाच्या अंगणात येतो. तिथे भक्तीची सवलत मागता येत नाही.

मग मुलाने ते करूच नये का? करावं, जरूर करावं. १८९५ सालच्या मुंबईत मिळू शकणारं लाकूड, कापड आणि इंजिन धरावं. प्रत्येक गृहीतक विमानासोबतच्या माहितीत लिहावं आणि नावापुढे 'काल्पनिक' असं स्पष्ट टाकावं. आकडे टाकून झाल्यावर विमान वाळूवरून हललंच नाही, तर वेगाचा आकडा गुपचूप वाढवू नये. चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरा कागद पाठवला होता. त्या कागदाला उत्तर देणाऱ्यांनी तो कोरा आहे हे आधी मान्य केलं होतं. तळपद्यांच्या विमानाचाही कागद कोरा आहे. त्यावर आपण काय लिहिलं, ते आपल्याच सहीने लिहावं. त्यांची सही खाली ठोकू नये.