पित्याने घरचे किती सांगावे?

सुज्ञाने नऊ गोष्टी गुप्त ठेवाव्यात, असे सांगणारे एक जुने सुभाषित आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कानांवरून गेले असेल. आयुष्य आणि वित्त यांच्या पाठोपाठ त्या यादीत गृहच्छिद्राचा, म्हणजे घरातील उणिवेचा, उल्लेख येतो. हा उपदेश आमच्या समाजातील पुरुषवर्गाने विशेष मनावर घेतला असे दिसते. ओटीवर बसून त्याने राजकारण, पाऊसपाणी, भावबाजार आणि वेदान्त यांवर मनमुराद गप्पा केल्या. परंतु माजघरातील गोष्ट ओटीवर आणली नाही. मूल आजारी असले तर वैद्याचे नाव विचारावे, मुलगा नापास झाला तर दैवाला बोल लावावा, आणि रात्री झोप लागत नसली तर ती वयोमानावर ढकलावी, इतकीच सवलत त्याने स्वतःस दिली.

स्त्रियांची स्थिती अनेक बाबतींत पुरुषांहून कठीण होती. तथापि मन मोकळे करण्याच्या बाबतीत त्या अधिक शहाण्या ठरल्या. पाणवठा, माहेर आणि विशेषतः जाते ही त्यांची हक्काची स्थाने होती. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ज्या ओव्या मिळविल्या, त्यांची संख्या लाखाहून अधिक आहे. सासर, माहेर, लेक, भाऊ यांविषयी जे मनुष्यास सांगता येत नाही ते दगडाला सांगण्याची ही रीत होती. पित्याला असे जाते कधी लाभले नाही. मुलाच्या अंथरुणाशेजारी त्याने काढलेल्या रात्री, लेकीचे लग्न मोडले त्या दिवशीचे त्याचे मन, आपण मुलावर अकारण हात उचलला याची त्याला पुढे आयुष्यभर वाटत राहिलेली लाज, यांची गाणी कोणी गायिली नाहीत.

म्हणून अलीकडे काही तरुण पिते एकत्र बसून आपल्या घरातील सुखदुःखे परस्परांस सांगू लागले आहेत, हे पाहून आम्हांस संतोषच वाटतो. मूल रात्रभर रडते तेव्हा काय करावे, मुलगा घुमा झाला आहे त्यास बोलते कसे करावे, पत्नी नोकरीवर जाते आणि आपण घरी असतो याची नातेवाईक थट्टा करतात ती कशी सोसावी, असे प्रश्न तेथे निघतात. घरोघरी मातीच्याच चुली आहेत, हे प्रत्येकास ऐकून ठाऊक असते; पण दुसऱ्याची चूल प्रत्यक्ष पाहिल्यावाचून आपल्या चुलीचा धूर सुसह्य होत नाही. अशा सहवासाने एखादा बाप थोडा कमी संतापी, थोडा अधिक समंजस झाला, तर त्याचे पुण्य थेट मुलांच्या पदरी पडते.

परंतु येथेच एक प्रश्न उभा राहतो, आणि तोच आज वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा हेतू आहे. पिता जेव्हा घरची गोष्ट सांगतो, तेव्हा तो कोणाची गोष्ट सांगत असतो?

या प्रश्नाकडे आमचे लक्ष कोणा तत्त्ववेत्त्याने वेधले नाही. आमच्या कन्येने वेधले. ती सात वर्षांची असताना काही काळ तोतरे बोलत असे. शाळेच्या स्नेहसंमेलनात कविता म्हणताना ती दुसऱ्याच ओळीस अडली आणि रंगमंचावरून पळून आली. पुढे वर्गात काव्यातील यतीचे महत्त्व समजावून देताना हा प्रसंग आम्ही दरवर्षी मोठ्या खुबीने सांगत असू. विद्यार्थी हसत, आम्हीही हसत असू, आणि यती त्यांच्या कायमचा ध्यानात राही. कालांतराने कन्या आमच्याच महाविद्यालयात आली. पहिल्याच आठवड्यात कोणी एका वर्गमैत्रिणीने आपल्या थोरल्या भावाकडून ऐकलेली ती गोष्ट तिलाच सांगितली. त्या संध्याकाळी ती आमच्या खोलीत आली, आणि एवढेच म्हणाली, “बाबा, ती गोष्ट माझी होती.”

आम्ही त्या वेळी बाजू मांडण्याचा प्रयत्न केला. त्यात वाईट हेतू नव्हता. आम्ही प्रेमानेच सांगत होतो. बाप म्हणून तो प्रसंग आमच्याही आयुष्यातला होता. ही तिन्ही विधाने खरी होती, आणि तिन्ही मिळूनही तिच्या चार शब्दांस उत्तर होत नव्हते.

विचारांती आम्हांस असे वाटते की, घरच्या गोष्टींत तीन प्रकारचे द्रव्य मिसळलेले असते. काही केवळ पित्याचे स्वतःचे असते: त्याचे भय, त्याचा संताप, त्याच्या चुका. ते त्याने खुशाल खर्चावे. काही पतिपत्नींचे सामाईक असते. ते दोघांच्या संमतीने बाहेर काढावे. आणि काही केवळ मुलाचे असते. त्याचे आजार, त्याची भीती, त्याची चोरी, त्याचे पहिले प्रेम. हे तिसरे द्रव्य पित्याजवळ असते खरे, पण ते ठेव म्हणून असते. ठेवीचा धर्म असा की, ठेवणारा मागावयास येईल तेव्हा ती जशीच्या तशी परत करावयाची. आणि हा ठेवणारा तर अजून मागण्याइतका मोठाही झालेला नसतो. अज्ञानाची ठेव वापरणे हे सज्ञानाची ठेव वापरण्यापेक्षा अधिक निंद्य आहे, हे आम्ही पैशाच्या व्यवहारात सहज मान्य करतो.

या बाबतीत चार्लस डार्विन यांचे उदाहरण मनन करण्याजोगे आहे. त्यांचा ज्येष्ठ पुत्र १८३९ साली जन्मला, आणि त्याच्या जन्मापासून डार्विन यांनी त्याच्या रागाची, भीतीची, हास्याची टिपणे ठेवली. सुमारे पावणेतीन वर्षांचा असताना हा बालक लोणच्याच्या रसाने डागाळलेले आपले आंगरखे गुंडाळून लपवीत खोलीबाहेर येताना पित्याने पाहिला. त्याचीही नोंद त्या टिपणांत आहे. परंतु ही टिपणे ‘माइंड’ या त्रैमासिकात प्रसिद्ध झाली ती १८७७ साली. तोपर्यंत लोणचेचोर ३७ वर्षांचा कर्ता पुरुष झाला होता, आणि तो डाग त्याला लाज आणण्याच्या पलीकडे गेला होता. याच डार्विन यांची ॲनी नावाची लाडकी कन्या १८५१ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांची होऊन वारली. तिच्या मृत्यूनंतर आठवड्याभरातच त्यांनी तिच्या आठवणी लिहून काढल्या. पण आपल्या हयातीत त्या छापल्या नाहीत. शास्त्रास उपयोगी पडेल ते त्यांनी कालांतराने जगास दिले, आणि ज्याचा उपयोग केवळ शोकास होता ते कपाटात ठेवले. हा विवेक त्यांनी शब्दांत मांडला होता की नाही हे महत्त्वाचे नाही. तो त्यांच्या आचरणात दिसतो.

उलट उदाहरणही त्याच देशातले आहे. ए. ए. मिल्न यांनी आपल्या मुलाच्या खऱ्या नावानेच १९२४ पासून कविता आणि कथा लिहिल्या, आणि क्रिस्टोफर रॉबिन हे नाव घरोघरी पोहोचले. त्या लेखनात निंदा नव्हती, उणे काढणे नव्हते. केवळ वात्सल्य होते. परंतु तोच मुलगा शाळेत गेला तेव्हा सोबत्यांनी त्या कवितेच्या ग्रामोफोन तबकडीवरून त्यास सतावून सोडले. आणि पुढे १९७४ साली लिहिलेल्या आठवणींत त्याने आपली बाल्यावस्था वडिलांच्या कीर्तीची पायरी झाली याविषयीची जुनी कडवटता लपविली नाही. म्हणजे केवळ निंदा टाळणे पुरेसे नाही. मुलाचे कौतुकही त्याच्या संमतीवाचून बाजारात मांडले, तर ते त्याच्या पायांतली बेडी होऊ शकते.

तर मग पित्याने मुलाविषयी कधीच काही बोलू नये काय? असा सरसकट नियम आम्हांस मान्य नाही. १९२५ साली एका वकिलाच्या पत्रास उत्तर देताना गांधीजींनी ‘यंग इंडिया’त आपले ज्येष्ठ पुत्र हरिलाल यांच्याविषयी जाहीरपणे लिहिले. हरिलाल ज्या कंपनीशी संबद्ध होते तिच्यात कोणी गांधीजींच्या नावावर विश्वासून पैसे गुंतविले होते. तेव्हा या व्यवहारांशी आपला संबंध नाही हे सांगणे पित्याचे कर्तव्यच होते. तिऱ्हाइताचे नुकसान होत असता मौन धरणे म्हणजे त्या नुकसानीत भागीदार होणे होय. तथापि त्याच लेखात पितापुत्रांच्या मतभेदांचा इतिहासही आला. हरिलाल तेव्हा ३६ वर्षांचे, चार मुलांचे पिता होते. आजोबांनी वडिलांविषयी लिहिलेले ते शब्द नातवंडांनीही वाचले असतील, हा विचार मनास अस्वस्थ करतो. दहा वर्षे आधी, १९१५ साली, हरिलाल यांनीही पित्यास लिहिलेले दीर्घ पत्र छापून वाटले होते. सार्वजनिक आयुष्य जगणाऱ्या कुटुंबाचा हा भोग होता. दोष कोणाचा हे ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्ही त्यावरून इतकेच शिकतो की, सावध करण्यापुरते बोलणे आणि त्याहून एक वाक्य अधिक बोलणे यांच्यामध्ये एक रेषा असते, आणि महापुरुषासही ती पुसट दिसते.

आता आरंभीच्या सुभाषिताकडे पुन्हा वळू. गृहच्छिद्र झाकावे असे ते सांगते, आणि आम्हीही झाकावे असेच सांगत आहो. मग नवे ते काय? नवे इतकेच की, झाकावयाचे ते कोणासाठी? जुने मौन घराच्या अब्रूसाठी होते. त्या मौनाखाली किती विधवांचे हाल, किती सुनांचा छळ आणि किती लेकरांवरील अत्याचार गाडले गेले याची गणती नाही. आम्हांस अभिप्रेत असलेले मौन लेकराच्या हितासाठी आहे. म्हणून ज्या क्षणी बोलण्यावाचून लेकराचे रक्षण होत नाही, त्या क्षणी ते संपलेच पाहिजे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध २०१२ साली झालेल्या कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांस कळविण्याचे बंधन घातले आहे. पित्यांच्या बैठकीत कोणी आपल्या घरातील अशी क्रूरता बोलून गेला, तर ‘येथले येथेच राहील’ हे वचन त्याच्या उपयोगी पडता कामा नये.

पूर्वी बोललेला शब्द वाऱ्यावर जात असे. आज तो आणि त्यासोबतचे छायाचित्र दोन्ही टिकतात आणि क्षणात हजारो ठिकाणी पोहोचतात. त्यामुळे कायद्यालाही या प्रश्नात लक्ष घालावे लागले आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने १८ वर्षांखालील बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची संमती आवश्यक ठरविली. उत्तम, परंतु येथे किल्ली पालकाच्याच हाती दिली आहे, आणि आमचा प्रश्न तर किल्लीदाराविषयीच आहे. फ्रान्समध्ये २०२४ साली झालेला कायदा एक पाऊल पुढे जातो. मुलाच्या छायाचित्राचा हक्क आईबापांनी मिळून जपावा आणि मुलाच्या वयाप्रमाणे व समजुतीप्रमाणे त्यालाही त्यात विचारावे, असे तो सांगतो. पण घरात कायदा पोहोचतो तो उशिरा, आणि बहुधा भांडण झाल्यावर. त्याआधीचे सारे काम पित्याच्या सदसद्विवेकबुद्धीनेच करावयाचे असते.

या बुद्धीस मदत म्हणून आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. जे सांगावयाचे ते सांगताना आपले मूल, आज आहे तेवढे नव्हे, तर पंचवीस वर्षांचे होऊन शेजारी बसले आहे असे समजावे. त्याच्या देखत जे बोलवेल तेवढेच बोलावे. या कसोटीने पित्याचे तोंड बंद होत नाही, केवळ वाक्याचा कर्ता बदलतो. ‘माझा मुलगा भित्रा आहे’ असे सांगण्याऐवजी ‘मुलगा भ्यायला म्हणजे मला चीड येते, ती मी कशी आवरू?’ असे तो विचारतो. आणि खरे पाहता, सोबत्यांकडून त्याला जे साह्य मिळण्याजोगे असते ते या दुसऱ्या प्रश्नावरच असते. पहिल्यावर मिळते ती कीव किंवा हसू. ऐकणाऱ्यांचेही काही कर्तव्य आहे. ऐकलेले दुसरीकडे न नेणे, नावे न विचारणे, छायाचित्रे न मागणे आणि मागितल्यावाचून उपदेश न करणे. जेथे हे पाळले जाते तीच बैठक सुरक्षित. दाराला कुलूप लावल्याने ती तशी होत नाही.

जाता जाता एक खुलासा केला पाहिजे. आमच्या कन्येचा प्रसंग आम्ही वर सांगितला आहे, आणि चाणाक्ष वाचकाने आम्हांस आमच्याच न्यायासनासमोर एव्हाना उभे केलेही असेल. हा लेख छापण्यास देण्यापूर्वी आम्ही तो तिच्यापुढे ठेवला. तिने तो सावकाश वाचला, दोन वाक्ये खोडली, आणि उरलेले राहू दिले. ती दोन वाक्ये आम्हांस लेखातील सर्वांत चांगली वाटत होती. परंतु ती तिची होती.