राखण कुणाची, जागरण कुणाचे?

उमरग्याला आमच्या दारी मोती नावाचा कुत्रा होता. पुणे-हैदराबाद महामार्गावरून रात्रभर मालमोटारी धावत आणि प्रत्येक भोंग्याला मोती उत्तर देई. आम्हांला त्या आवाजाची सवय जडली होती. त्यात आम्हांला केवळ आमची सुरक्षितता ऐकू येई. एके सकाळी शेजारच्या काकू फाटकाशी आल्या. त्यांच्या घरी दुखणेकरी माणूस होता. त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊ, राखण तुमची होते अन् जागरण आमचं." आम्ही निरुत्तर झालो. सेवेचा लाभ आपण घ्यावा आणि तिची किंमत शेजाऱ्याने मोजावी, हे कोणत्या नीतीत बसते?

या भागात तर रात्रीचे भुंकणे हा नुसता झोपेचा प्रश्न नाही. येथील जुनी घरे दगडमातीच्या जाड भिंतींची, माळवदाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. तेव्हा उमरगा तालुक्यात असलेले सास्तूर उद्ध्वस्त झाले. आता भिंती पातळ झाल्या, खिडकीसमोर खिडकी आली आणि एका अंगणातले भुंकणे दहा घरांत शिरू लागले. कुत्री अवेळी विव्हळू लागली की, त्या पिढीतील माणसे आजही अंथरुणात उठून बसतात. कुत्र्यांना भूकंपाची चाहूल आधी लागते, यास शास्त्राचा भरवशाचा आधार नाही. परंतु भीती आधार मागत नाही.

मोतीला गप्प करण्याचे सोपे उपाय आम्हांला अनेकांनी सुचविले. कुणी काठी सांगितली, कुणी मुसके, कुणी झोपेची गोळी. विजेचा झटका देणारे पट्टे मिळतात. स्वरतंतू कापण्याची शस्त्रक्रियाही आहे. युरोपीय परिषदेच्या १९८७ च्या पाळीव प्राण्यांविषयीच्या करारात, उपचाराची गरज नसताना अशी शस्त्रक्रिया करणे निषिद्ध ठरविले आहे. या साऱ्या उपायांत आवाज थांबतो, कारण मात्र तसेच राहते.

पशुवैद्यांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला : "दिवसभर तो कुठे असतो?" तो फाटकापाशी, आखूड साखळीने बांधलेला, रस्त्याकडे तोंड करून असे. फिरायला त्याला कुणी नेत नसे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसे फिरविण्याची हयगय करणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ अन्वये गुन्हा आहे, हे आम्हांला तेव्हा कळले. काकूंची तक्रार मोतीविरुद्ध नव्हतीच. ती आमच्याविरुद्ध होती.

त्या दिवसापासून आम्ही त्याला मागच्या अंगणात, रस्ता दिसणार नाही अशा जागी ठेवू लागलो. सकाळ-संध्याकाळ फिरविणे, सावली आणि ताजे पाणी, रात्री घराच्या आत जागा, हा नेम झाला. भुंकताना त्याच्यावर ओरडणे आम्ही सोडले, कारण धन्याचे ओरडणे कुत्र्याला साथच वाटते. तो क्षणभर थांबला की "गप्प" म्हणून भाकरीचा तुकडा द्यावयाचा. भुंकून मागितले तर काहीच द्यावयाचे नाही. हळूहळू हा क्षण लांबत जातो. घरातील सर्वांनी मात्र एकच रीत पाळली पाहिजे. एकाने शिकवावे आणि दुसऱ्याने लाडाने मोडावे, असे झाले तर कुत्रा बिचारा गोंधळतो. एखादा शांत कुत्रा अचानक फार भुंकू लागला, तर आधी दुखणे अथवा म्हातारपणचे बहिरेपण तपासून घ्यावे.

मोतीला मुके करणे हा आमचा हेतू नव्हता. यशया संदेष्ट्याने बेसावध पहारेकऱ्यांना भुंकता न येणाऱ्या मुक्या कुत्र्यांची उपमा दिली आहे (५६:१०). भुंकणे हे कुत्र्याचे कर्तव्य आहे. त्याला मर्यादा घालणे हे धन्याचे कर्तव्य. आपले काम नीट शिकवून न घेता मुक्या जिवाला शिक्षा करणे, हा अन्यायच होय.

दोन महिन्यांत मोती पुष्कळ शांत झाला. फाटकाची कडी वाजली की मात्र तो भुंके आणि काकूंनाही ते चाले.

वाचकांपैकी ज्यांच्या दारी कुत्रा आहे, त्यांनी आज एकदा शेजारी जाऊन विचारावे : "रात्री झोप लागते ना?" काकू फाटकाशी येण्याआधीच आम्ही ते विचारावयास हवे होते.