अनुपस्थिताचे भान

वाङ्मयीन चर्चेत ‘प्रतिनिधान’ ही संज्ञा भाषेच्या आधारानेच समजून घेण्याची रीत आहे. जे समोर नाही त्याच्या जागी चिन्ह उभे राहते. चिन्हव्यवस्था माणसापाशीच आहे. सबब अनुपस्थिताचे भानही त्यालाच. प्राण्यांच्या वाट्याला मग निव्वळ साहचर्य उरते, म्हणजे पाव्हलॉवचा कुत्रा आणि ती सुप्रसिद्ध घंटा. (पाव्हलॉवने मेट्रोनोमही वापरला होता; लोकस्मृतीत राहिली ती घंटाच.)

परंतु घंटा ऐकून कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते तेव्हा ती अन्नाची जागा घेते, की अन्नाची आठवण देते? लाळेच्या थेंबांवरून याचा निवाडा होत नाही. तो करू पाहणारी रचना ॲडम्स आणि डिकिन्सन यांच्या १९८१ च्या प्रयोगात आढळते. उंदरांना कळ दाबून खाद्याची गोळी मिळवण्यास शिकवले गेले. पुढे, कळ समोर नसताना, ती गोळी खाल्ल्यावर लिथियम क्लोराइड टोचून त्यांना आजारी पाडले. नंतर कळ पुन्हा पुढे आली. गोळी मात्र आता मिळत नव्हती. कळ दाबल्याबद्दल शिक्षा कधीच झाली नव्हती, तेव्हा केवळ चेतक-प्रतिसादाचे बंधन असते तर दाबणे पूर्ववत राहिले असते. ते घटले. दोन वेगळे अनुभव जुळले, आणि त्यांना जोडणारी गोळी त्या क्षणी तेथे नव्हती. साहचर्य हे प्रतिनिधानाच्या विरुद्ध टोकाला नसून त्याच्याकडे नेणारी वाटही ठरू शकते, एवढे यातून निश्चित म्हणता येते.

१९८२ मध्ये ॲडम्स यांना आढळलेली गोष्ट समीक्षकांना अधिक जवळची वाटावी. प्रशिक्षण पुष्कळ लांबवले की हाच उंदीर नकोशा झालेल्या गोळीसाठीही कळ दाबत राहतो. सवयीने जगणे यांत्रिक होते आणि कला ते यांत्रिकपण मोडते, असे श्क्लोव्हस्कीने १९१७ मध्ये मांडले होते. भान आणि यंत्र यांतील सीमारेषा मनुष्य व पशू यांच्यामधून जात नाही. ती एकेका जीवाच्या आतून जाते.

लॉइड मॉर्गनने १८९४ मध्ये घालून दिलेला दंडक असा, की कनिष्ठ क्षमतेने उलगडणारे वर्तन श्रेष्ठ क्षमतेच्या नावावर मांडू नये. नैयायिकांच्या लाघवाशी त्याचे नाते स्पष्ट आहे. मात्र हा अनुमानाचा नियम आहे, आचरणाची सनद नव्हे. ‘मन मानण्याची गरज नाही’ येथून ‘मन नाही’ येथे, आणि तेथून ‘काहीही करावे’ येथे घेतलेल्या उड्यांना मॉर्गनचा आधार नाही. उलट, प्रतिनिधान सिद्ध झाले म्हणजे वेदनाही सिद्ध झाली, हे म्हणणेही घाईचे. वेदनेला प्रतिनिधानाची मुळीच गरज नसेल. पण जो जीव समोर नसलेल्या गोळीचा हिशेब ठेवतो, त्याला होणारी इजा सुई टोचण्याच्या क्षणापुरतीच असते असे गृहीत धरता येत नाही. आणि हे कळले ते त्याला आजारी पाडूनच.