जोत्याखालची जमीन

पुण्याच्या वारज्यात आधी मळे होते, मग इमारती उठल्या. १९९७ साली गाव महापालिकेत आले आणि रस्ते, ड्रेनेज, पाण्याच्या मोठ्या वाहिन्या ही कामे वस्तीच्या मागून धावत राहिली. तरी त्यांना आपण ‘पायाभूत सुविधा’ म्हणतो. कोनशिलेचेही तसेच. मुळात पायाच्या कोपऱ्यात बसवायचा तो दगड. आता गुळगुळीत ग्रॅनाइटवर नावे कोरून तो डोळ्यांच्या उंचीवर लावतात. हे शब्द आपण फार सैल वापरतो, आणि याची मला काळजी वाटते, कारण मराठी विचाराने ‘पाया’ या कल्पनेवर बरेच कष्ट घेतले आहेत.

सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी वारकरी परंपरा देवळाच्या रूपात पाहिली. पाया ज्ञानदेवांचा, कळस तुकोबांचा. त्या चित्रात पायाचे काम पुरे झालेले आहे. पुढच्यांनी वर चढवत जायचे. रामदासांनी चळवळीला अधिष्ठान हवे असे सांगितले तेव्हा अर्थ जरा सरकला. गीतेच्या अठराव्या अध्यायातही कर्माच्या पाच कारणांत अधिष्ठान पहिले येते. पाया घालून मोकळे होता येते, अधिष्ठान मात्र काम चालू असेपर्यंत सांभाळावे लागते.

मार्क्स मराठीत आला तो ‘पाया आणि इमला’ ही जोडी घेऊन. खाली उत्पादनसंबंध, वर कायदा, धर्म, कला. शनिवारवाडा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. १८२८ च्या आगीत तिथला इमला गेला, जोती आजही दिसतात.

पण या जोडीने महाराष्ट्रात एक अवघड प्रश्न उभा केला. जात कुठे धरायची, पायात की इमल्यात? इमल्यात धरली तर मालकी बदलताच ती आपोआप ढासळेल, असे मानता येते. मुंबईच्या गिरण्या वेगळेच सांगत होत्या. विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ आड येई. लाल बावट्याखाली संप करणारे कामगारही हा नियम पाळत होते. जात इथे थेट उत्पादनातच बसलेली होती. १९३६ साली, लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या पण न झालेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी म्हटले की जातीच्या पायावर काहीच उभारता येणार नाही, ना राष्ट्र, ना नीती. पायाची पूजा करण्याची सवय असलेल्या समाजाला पाया उकरून काढायला सांगणारा हा विचार होता. मला तो या साऱ्या प्रवासातला सर्वांत धाडसी टप्पा वाटतो. धुळ्याचे शरद पाटील याच प्रश्नावर १९७८ मध्ये मार्क्सवादी पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी तोच विचार पुढे नेला. राजकीय लोकशाहीच्या तळाशी सामाजिक लोकशाही नसेल, तर ती टिकणार नाही. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरवले की संसदेला घटनादुरुस्ती करता येईल, पण घटनेची मूलभूत संरचना मोडता येणार नाही. एका मताच्या फरकाने का होईना, संसदेतल्या बहुमतालाही हात लावता येणार नाही असा पाया आपल्याला मिळाला.

ते रक्षण मात्र घटनेच्या चौकटीपुरते आहे. बाबासाहेबांनी सांगितलेला खालचा थर कुठलाही निकाल भरून देऊ शकत नाही. पुण्याच्या उपनगरांत घर भाड्याने देताना भाडेकरूचे आडनाव अजून विचारले जाते, आणि ते ऐकल्यावर घर ‘नुकतेच दिले’ असे उत्तर येते. या थराचे काम तिथे अडलेले आहे, आणि ते कोर्टाला नव्हे, घरमालकांनाच करावे लागेल.