धुऱ्यावरचा उजेड

भाच्याचा फोन आला तो थेट बर्डीवरच्या दुकानातून. "मामा, दोन लेन्सवाला सेट घेऊ का? दुकानदार म्हणते, वाघ एकदम जवळ दिसते याच्यात."

मी म्हटलं, "आधी घरी ये."

माझा पहिला डीएसएलआरही दोन लेन्सवालाच होता. एक १८-५५ची, दुसरी ७०-३००ची. पारशिवनीत राहायचं, पेंचचं जंगल उशाशी, मग वाघाशिवाय दुसरं काय टिपणार! कोलितमाऱ्याच्या गेटातून भल्या पहाटे आत गेलो आणि नशिबानं वाघ भेटलाही. सागाच्या सावलीत, सूर्य अजून झाडांच्या खाली असताना. ३०० मिलिमीटरची लेन्स हातात धरून फोटो काढायचा तर या कॅमेऱ्यांवर शटर निदान सेकंदाच्या साडेचारशेव्या भागाएवढं तरी झटपट उघडमिट व्हायला हवं. तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं? त्या अंधूक उजेडात माझ्या कॅमेऱ्यानं तिसावा भाग घेतला. घरी येऊन फोटो दाखवला. आईनं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "ही आपली तांबडी गाय होय का?"

कॅमेऱ्यात काही खोट नव्हती. मी दूरचं विकत घेतलं होतं आणि उजेड विसरलो होतो.

दुकानात गिऱ्हाइकाला दोन आकडे ऐकवले जातात, मेगापिक्सेल आणि झूम. मेगापिक्सेलचं लवकर आटपतं. शिकाऊ डीएसएलआर बहुतेक २४ मेगापिक्सेलचे असतात. त्यातून वीस इंच रुंदीचं चित्र सुरेख छापून निघतं आणि आमच्या घरात भिंतीवरची तेवढी जागा कॅलेंडरानं आधीच अडवलेली आहे. तिसरा आकडा लेन्सच्या कडेवर बारीक अक्षरांत असतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही. एफ ५.६, एफ १.८ असं काहीतरी. हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं. सोबत मिळणारी १८-५५ पूर्ण लांबवली की ५.६वर येते. ५० मिलिमीटरची साधी, झूम नसलेली लेन्स १.८ची मिळते, तीही तुलनेनं स्वस्तात, आणि ती जवळपास दहापट उजेड आत घेते. जिथे पहिलीला सेकंदाचा सहावा भाग लागेल तिथे दुसरीचं साठाव्या भागात भागतं. सहाव्या भागात माणसाचा हात हलून जातो, साठाव्यात बोटंसुद्धा स्पष्ट येतात.

आणि आपल्याकडचं बघण्यासारखं घडतं ते उजेड कमी असतानाच. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटे टपटपतात. आई अंधारातच टोपली घेऊन धुऱ्यावरच्या मोहाखाली जाऊन बसते, तांबडं फुटेस्तोवर अर्धी टोपली भरलेली असते. घोगरा महादेवाला पेंचच्या पाण्यावर पहिली तिरीप येते ती घटकाभराची. दुपारी बारा वाजता इथे लख्ख ऊन असतं, पण त्या उन्हात चेहऱ्याचे डोळे काळे खड्डे होतात. तेव्हा कॅमेरा पिशवीतच बरा. (आणि मे महिन्यात उभ्या गाडीत तर मुळीच ठेवू नये.)

भाच्यानं रास्त शंका काढली. "मग मोबाइल काऊन नाही चालत, मामा?" चालतो की. पण मोबाइल जे दाखवतो ते पडद्यावरचं, त्यानं आधीच उजळून, गुळगुळीत करून ठेवलेलं. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावर आपटून सरळ डोळ्यात येतो. अंधार असला तर अंधारच दिसतो. शिकणाऱ्याला हे सोसलं पाहिजे. शिवाय पडदा सतत पेटलेला नसल्यानं बॅटरी पुरते. निकॉनचा डी ३५०० एका चार्जिंगमध्ये दीड हजारांवर फोटो देतो. कंपन्या आता आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळल्या आहेत. म्हणून वापरलेले डीएसएलआर उतरत्या भावात मिळतात, आणि ते आपल्या पथ्यावर आहे.

रात्रीच्या आकाशाचंही तसंच, उजेड कमी असेल तरच ते बघण्यासारखं. पेंचच्या महाराष्ट्रातल्या व्याघ्र प्रकल्पाला २०२४च्या जानेवारीत भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे जो अंधार मुंबई-पुण्याची माणसं पैसे मोजून शोधतात, तो आपल्या तालुक्याच्या शेजारी फुकट आहे. त्यासाठी तर ती साधी १८-५५देखील पुरते. लेन्स १८वर ठेवायची, कॅमेरा तिपाईवर, शटर अठरा सेकंद उघडं. त्याहून जास्त ठेवलं तर पृथ्वी फिरते आणि ताऱ्यांच्या रेघा उमटतात.

पहिल्या कॅमेऱ्याचा विषय निघाला की मला दादासाहेब फाळके आठवतात. १९१२मध्ये लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. डोक्यात पुराणातले देव होते, पण त्या कॅमेऱ्यापुढे आधी ठेवलं ते वाटाण्याचं रोप. रोज थोडं थोडं टिपत त्याचं उगवणं आणि वेलावर चढणं पडद्यावर आणलं. त्या वाटाण्यामुळेच भांडवल घालायला माणूस तयार झाला, आणि १९१३मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. घरातल्या कुंडीतलं रोप! फाळक्यांची गोष्ट सांगताना आपण हरिश्चंद्राशीच जाऊन थांबतो, वाटाणा राहून जातो.

भाच्यानं शेवटी जुना कॅमेरा घेतला, एका लग्नाच्या फोटोग्राफरनं काढून टाकलेला, आणि ५०ची एक लेन्स. वाघाची लेन्स दुकानातच राहिली. जाताना तो थोडा हिरमुसला होता, हे खरं. मोहफुलांच्या दिवसांत तो आठवडाभर पहाटे आजीमागे धुऱ्यावर गेला. पहिले दोन दिवस तिनं पदर डोळ्यांवर ओढला, तिसऱ्या दिवशी विसरून गेली. त्यातल्या एका फोटोत तिच्या नखांत अडकलेली मातीसुद्धा दिसते. आईनं तो फोटो हातात धरला, बराच वेळ पाहिला. या वेळी कोणाची गाय, असं काही विचारलं नाही.

तुम्हीही वापरलेला घेणार असाल तर तीन गोष्टी तेवढ्या बघा. शटर आजवर किती वेळा पडलं ते विचारा. शिकाऊ कॅमेऱ्याचं शटर साधारण एक लाख फोटोंच्या हिशेबानं केलेलं असतं आणि लग्नसराईत एवढे फोटो भराभर होतात. निकॉनच्या डी ३५००सारख्या लहान कॅमेऱ्यांच्या अंगात फोकसची मोटर नसते, तेव्हा मोटर लेन्समध्येच आहे ना, ते दुकानातच लावून पाहा. आणि लेन्समध्ये टॉर्च मारा. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती पावसाळ्यात धरलेली बुरशी आहे. दुकानदार कितीही कमी करो, ती लेन्स घेऊ नका.